लेबलाची मागची बाजू

छापखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. तिचं खरं नाव आठवायचं तर पगाराची वही उघडून बघावी लागे. काळ्या दोरीला बांधलेलं भिंग तिच्या गळ्यात असायचं आणि डबा खातानाही ती ते काढत नसे.

हा छापखाना पुस्तकं छापत नव्हता, पत्रिका छापत नव्हता. छापायचा फक्त लेबलं. जॅमच्या बरण्यांची, रंगाच्या डब्यांची, खोकल्याच्या औषधाची, पेयांच्या बाटल्यांची. मोठाल्या रिळांवर लेबलं सुरू होण्याआधी पहिला ताव भिंगताईच्या टेबलावर यायचा. एका बाजूला कंपनीने सही करून पाठवलेली मंजुरीची प्रत, दुसऱ्या बाजूला तो ताव, आणि मध्ये भिंग घेऊन ती. तिने कोपऱ्यात पेन्सिलीने खूण केल्याशिवाय मशीन हलत नसे. बावीस वर्षांत तिच्या नजरेतून दोनच चुका सुटल्या होत्या आणि त्या दोन्ही तिला तारखेसकट आठवत.

तिची पद्धत अशी, की ती उलटं वाचायची. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून एकेक शब्द मागे मागे यायची. हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना ती सांगे, "सरळ वाचलं की अर्थ लागायला लागतो. अर्थ लागला की डोळे आळशी होतात. आपल्याला अर्थाशी काही करायचं नाही, आपल्याला अक्षर बघायचंय."

घरी तिघं होती. ती, तिचा थोरला भाऊ आणि भावाची मुलगी. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती. भिंगताईने लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणायची, "राहून गेलं." भाची टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. दादा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. पायाने चालवायचं मशीन, भिंतीला कपडे टांगायचा दांडा आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, एवढंच. दादा बोलका होता. माप घेता घेता माणसाची सगळी हकिगत काढून घ्यायचा आणि कोणाचीही बाहेर फोडायचा नाही, म्हणून बायका त्याच्याकडे मोकळेपणी बोलत.

दादाला मधुमेह निघाला तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याने तक्रार न करता चहातली साखर सोडली, बेकरीतलं आणणं सोडलं. फक्त दुपारी, उन्हाच्या वेळी मशीनवर बसल्यावर त्याला काहीतरी गार आणि चवीचं लागायचं. "नुसतं पाणी पिऊन पिऊन जिभेला गंज चढला," असं तो म्हणायचा. तेव्हा भिंगताईनेच ती हिरवी बाटली आणली. फळांचं पेय होतं. समोर सफरचंदाचं चित्र आणि त्याखाली अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अक्षरांत 'साखर घातलेली नाही'.

"खात्रीने?" दादाने विचारलं.

"अरे, आमच्याकडचंच लेबल आहे. माझ्या हाताखालून गेलंय," ती म्हणाली.

दादाला तेवढं पुरे होतं. बहिणीच्या नजरेवर त्याचा स्वतःच्या कात्रीइतका विश्वास. दोन दिवसांना एक बाटली ठरून गेली.

वर्षभरात दादाची साखर उतरायची ती चढली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा जास्त. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काका, मला खरं सांगा. चोरून काय खाता?"

"काही नाही हो."

"रक्त खोटं बोलत नाही काका."

तिथपासून घरात कुजबुज सुरू झाली. भाची वडिलांवर नजर ठेवायला लागली. एक दिवस तिला मशीनच्या खणात बिस्किटांच्या पुड्याचा कागद सापडला. दादा म्हणाला, एका गिऱ्हाइकाच्या लेकराने खाल्ली, कचरा दिसायला नको म्हणून मीच कागद खणात टाकला. भाचीने तो कागद भिंगताईसमोर धरला.

"आत्या, तूच बघ आता."

भिंगताईने बघितलं आणि भावाला म्हणाली, "दादा, खायचंच असेल तर उघड खा. पण आमच्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस."

दादाने कात्री खाली ठेवली. "तुला पण तसंच वाटतं?"

ती कागदाची घडी घालत बसली, आणि त्यातूनच त्याला उत्तर मिळालं.

त्यानंतर दादा बदलला. जेवायला उशिरा यायचा आणि ताट उचलून दुकानात न्यायचा. गिऱ्हाइकांशीही कामापुरतंच बोलायचा. भाचीने फडताळाला कुलूप लावलं, तेव्हा त्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं. हिरवी बाटली मात्र चालू होती, कारण तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता. उलट, बिचाऱ्याला तेवढंच सुख, म्हणून भिंगताई दोन दिवसांऐवजी रोज एक बाटली आणायला लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला, जिथे मशीनची पायाने दाबायची पट्टी घासायची तिथे, फोड आला. फोडाची जखम झाली. जखम भरेना. सहाव्या आठवड्यात तो इस्पितळात होता, आणि आठव्या आठवड्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

इस्पितळात आहाराचा सल्ला देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी रागावणं वगैरे केलं नाही. "पेशंट जे जे खातात-पितात ते सगळं उद्या घेऊन या," एवढंच म्हणाल्या. "खोकल्याचं औषधसुद्धा." भाचीने पिशवी भरून आणली. बाई एकेक वस्तू काढून मागची बाजू वाचत होत्या. हिरवी बाटली हातात आली तशा त्या खिडकीशी गेल्या, बाटली तिरकी केली, जवळ धरली, लांब धरली.

"तुमच्या गळ्यात भिंग आहे ना? जरा देता?"

भिंगताईने भिंग काढून दिलं. बाईंनी वाचलं, "पाणी. आटवलेला सफरचंदाचा रस. आटवलेला द्राक्षांचा रस." मग खालचा आकड्यांचा तक्ता वाचून त्यांनी कागदावर हिशेब मांडला. "एका पेल्यात साधारण सहा चमचे साखर. हे दिवसाला किती घेतात?"

"तीन पेले," दादा पलंगावरून म्हणाला. "कधी चार."

"पण समोर लिहिलंय..." भाची म्हणाली.

"त्यांनी वरून साखर घातली नाही, हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. "फळाचा रस आटवला की उरते ती साखरच. ती त्यांनी रस म्हणून घातली."

भिंगताईने बाटली हातात घेतली. हिरव्यावर करडी, मोहरीएवढी अक्षरं. प्रत्येक अक्षर तिच्या ओळखीचं होतं. 'आटवलेला' या शब्दातला एक काना फिकट उठला होता, तो तिनेच दुरुस्त करून घेतला होता. तो शब्द तिने दोनदा तपासला होता आणि एकदाही वाचला नव्हता.

भाची बापाच्या पायाशी बसून रडायला लागली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भिंगताई उभीच राहिली. दादाने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "मी तुला खोटं ठरवलं."

"हो, ठरवलंस," दादा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बस आता. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी."

त्याच बाईंकडून त्यांना कळलं, की ग्राहकांची एक संघटना या पेयावर दावा लावायच्या तयारीत आहे. संघटनेची वकीलबाई ठेंगणी होती, झपाझप बोलणारी. तिचं कार्यालय म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली, जिथे खुर्चीवरच्या फायली उचलल्याशिवाय बसता येत नसे. तिने दावा समजावून सांगितला. एकेकट्या माणसाने एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडायचं तर आयुष्य जाईल. म्हणून ज्यांची ज्यांची फसगत झाली, त्या सगळ्यांच्या वतीने चौघांनी उभं राहायचं. चौघांचं जे ठरेल ते सगळ्यांना लागू. सव्वातीनशे लोकांनी आधीच सह्या केल्या होत्या. तिघं उभे राहायला तयार होते, चौथं माणूस हवं होतं.

"मी राहतो की," दादा म्हणाला. कुबडीवर जोर देऊन तो पुढे सरकला. "पण मला एक सांगा. ते म्हणणार, आम्ही कुठे खोटं लिहिलं? मग?"

"तिथेच गाडी अडते," वकीलबाई म्हणाली. "लेबलावर खोटं एकही अक्षर नाही. त्यांचं म्हणणं हेच, की सगळी माहिती मागे दिली आहे, ज्याने त्याने वाचायची. ते वाचता येत नाही हे आपण म्हणणार, येतं हे ते म्हणणार. वाचता येत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी."

परतताना रिक्षात भिंगताईला एक कागद आठवला.

चार वर्षांपूर्वी त्या लेबलाचा नवा नमुना आला होता. आधी मागचा मजकूर काळा होता आणि अक्षर बऱ्यापैकी होतं. नव्या नमुन्यात अक्षर बारीक झालं आणि रंग करडा. तिने तावाच्या कडेला लिहिलं होतं, 'मागचा मजकूर भिंगाशिवाय वाचता येत नाही. कृपया खात्री करावी.' ग्राहकाच्या भल्यासाठी लिहिलं होतं असं नाही. नंतर छपाई वाईट म्हणून ठपका छापखान्यावर यायला नको, म्हणून लिहिलं होतं. कंपनीकडून ताव परत आला, त्यावर लाल शाईने उत्तर होतं. 'कल्पना आहे. तसंच ठेवा.' खाली सही. असे ताव सात वर्षं जपून ठेवायचे हा छापखान्याचा नियम होता, आणि ते ठेवायचं काम तिचंच.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तिने कपाट उघडलं. ताव जागेवर होता. तिने तो पुन्हा फायलीत घातला आणि थेट मालकांच्या खोलीत गेली. मालक साठीचे गृहस्थ होते. तिच्यापेक्षा जास्त वर्षं याच इमारतीत काढलेले आणि शाईच्या वासाने आजही शिंकणारे. तिने सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. दादाचा पाय सांगितला, दावा सांगितला, ताव सांगितला.

मालकांनी काचेतून खाली मशीनकडे बघितलं. "तीन मशीनपैकी एक पूर्ण त्या कंपनीवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही तो कागद गुपचूप नेला असतात तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच आधी तुमच्याकडे आले."

"मी तुम्हाला जा म्हणणार नाही," मालक म्हणाले, "आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. फाईल बाहेर गेली तर ती कोर्टाच्या हुकमानेच जाईल. हुकूम आला तर मी ती दडवणार नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही, ताई."

ती तशीच वकीलबाईकडे गेली आणि म्हणाली, "छापखान्याकडे मंजुरीचे ताव मागा. चार वर्षांपूर्वीचे. मी एवढंच सांगते." वकीलबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही न विचारता टिपण केलं.

महिन्याभरात हुकूम आला. मालकांनी फाईल स्वतः नेऊन दिली. त्याच्या पुढच्या आठवड्यात कंपनीने काम काढून घेतलं. एक मशीन झाकून ठेवावं लागलं, आणि दोन मशीनमन अर्ध्या पाळीवर आले. त्यातला थोरला मशीनमन वीस वर्षं भिंगताईच्या टेबलावर ताव आणून ठेवत होता. आता तो ताव टेबलावर टाकायचा आणि तिच्याकडे न बघता जायचा. डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. तिला वाईट वाटायचं, पण त्याचं चुकतंय असंही तिला म्हणता येत नव्हतं. त्याच्या घरी तीन तोंडं होती.

साक्षीच्या दिवशी तिने भिंग घरी ठेवलं. मग रस्त्यात विचार बदलून परत आली आणि गळ्यात घातलं. न्यायालयाची खोली तिच्या कल्पनेपेक्षा लहान होती. पंख्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळ्यांनाच जरा वरच्या पट्टीत बोलावं लागत होतं. दादा मागच्या बाकावर बसला होता, शेजारी भाची.

तावावरचं अक्षर तिचं आहे का, हे वकीलबाईने विचारलं. आहे, तिने सांगितलं. लाल शाईचं उत्तर कसं आलं, हेही सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. पांढऱ्या केसांचे, मऊ आवाजाचे.

"बाई, तुम्ही बावीस वर्षं लेबलं वाचता. हे लेबल छापण्याआधी तुम्ही वाचलं होतं ना?"

"तपासलं होतं."

"म्हणजे त्यात काय काय आहे हे तुम्हाला कळलं होतं."

"नाही. मी उलटं वाचते. शब्द बरोबर आहे का, तेवढंच बघते."

"तरी हे पेय भावाला तुम्हीच आणून दिलंत. मागे काय लिहिलंय हे जगात कोणाला ठाऊक असेल तर तुम्हाला. मग चूक कंपनीची की तुमची?"

भिंगताईने दादाकडे बघितलं नाही.

"माझी आहेच," ती म्हणाली. "ती मी घरी कबूल केली. पण दुकानात मी छापखान्याची बाई म्हणून गेले नव्हते. गिऱ्हाईक म्हणून गेले होते. गिऱ्हाईक समोरचं वाचतं. समोर मोठं लिहितात ते त्यासाठीच ना?"

न्यायाधीशांनी टेबलावरची बाटली मागवून घेतली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बाटली दिव्याकडे धरली. मग ती शांतपणे कंपनीच्या वकिलांपुढे केली. "पहिल्या तीन गोष्टी वाचा बरं."

वकिलांनी बाटली घेतली. तेही साठीचे होते. थोडा वेळ प्रयत्न करून ते म्हणाले, "या प्रकाशात अवघड आहे, साहेब."

"दुकानांमध्ये याहून बरा प्रकाश असतो का?" न्यायाधीशांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कारकुनाला टिपून घ्यायला सांगितलं.

निकाल मात्र लागलाच नाही. त्यानंतर अकरा महिने तारखा पडल्या आणि मग कंपनीने तडजोड केली. समोरचे ते तीन शब्द काढायचे, मागचा मजकूर काळ्या आणि ठरलेल्या मापाच्या अक्षरांत छापायचा, आणि एका पेल्यात किती साखर आहे ते चमच्यांच्या हिशेबाने समोर लिहायचं. ज्यांनी नावं नोंदवली त्यांना भरपाई, पण चूक कबूल नाही. चौघा दावेदारांना थोडी जास्त मिळाली. दादाच्या वाट्याला आलेल्या रकमेत मशीनला मोटर बसली आणि वर भाचीला एक सायकल आली. बाकीच्यांना टपालाने एकेक कूपन मिळालं, त्याच कंपनीच्या दोन बाटल्यांचं. शेजारच्या एका बाईने ते दादाला आणून दाखवलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला कापड खाली ठेवावं लागलं. कितीतरी दिवसांनी तो तसा हसत होता.

"यासाठी अंगठा दिला होय मी?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण ते तीन शब्द गेले हे बरं झालं."

चूक कबूल नाही, हे भिंगताईला मात्र बोचत राहिलं. वकीलबाईला तिने दोनदा विचारलं, असं कसं? वकीलबाई म्हणाली, "ताई, कबुली हवी असेल तर अजून सहा वर्षं लढू. तोवर ते तीन शब्द बाटलीवर राहतील."

झाकलेलं मशीन सात-आठ महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. एका औषधवाल्यांना बारीक अक्षर स्वच्छ उठवणारा छापखाना हवा होता, आणि दाव्यातल्या त्या तावाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. थोरला मशीनमन पूर्ण पाळीवर आला. तो लगेच बोलायला लागला असं नाही. एक दिवस ताव ठेवता ठेवता त्याने खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "नातीला देतो आम्ही हे. जरा बघता का, काय आहे यात?" तिने बघितलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो "बरं" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी ताव नीट, दोन्ही हातांनी ठेवला.

भिंगताईचं काम आता दुपटीने वाढलं आहे. ती प्रत्येक लेबल आधी उलटं वाचते, मग सरळ. सरळ वाचताना काही खटकलं तर तावाच्या कडेला लिहिते. मालक कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात, पण थांबवत नाहीत. कंपन्यांपैकी निम्म्या तिच्या शेऱ्याला उत्तरच देत नाहीत. एखादी दुरुस्त करते.

परवा जॅमच्या कंपनीतून एका साहेबांचा फोन आला. समोर बरणीभर स्ट्रॉबेरी काढली आहे आणि मागे स्ट्रॉबेरी शंभरात आठ भाग, असं का, हे तिने विचारलं होतं. साहेब वैतागले होते. "बाई, तुमचं काम अक्षरं तपासायचं ना? तेवढंच करा."

"तेच करतेय," ती म्हणाली. "आठचा आकडा बरोबर आहे का, तेवढं कळवा."

मग साहेब म्हणाले, विचारून सांगतो.

मालकांनी दारातून डोकावून विचारलं, "कोण होतं?"

"जॅमवाले."

"काय म्हणतात?"

"विचारून सांगतो म्हणाले." तिने पुढचा ताव ओढून घेतला. रंगाच्या डब्याचा होता. तिने शेवटच्या शब्दावर भिंग ठेवलं.